ते घर नेमकं कुठे आहे?

मंडळी, शारजात आमचा एक छोटासा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा सात-आठ कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमतात, एका मराठी पुस्तकावर बोलतात आणि मग जेवतात. (जेवणाचा बेत आधी ठरतो आणि पुस्तक नंतर, हेही इथे कबूल करून टाकतो.) मागच्या हिवाळ्यात पाळी होती नारायण धारपांच्या ‘लुचाई’ची. पुण्याहून येणाऱ्या एका भाच्याच्या बॅगेतून, बाकरवडी आणि मेतकुटाच्या मधून ती प्रत आली आणि महिनाभर घराघरांतून फिरली.

कट्ट्यावरच्या प्रतिक्रिया ऐकण्यासारख्या होत्या. आमच्यातले सर्वात ज्येष्ठ काका, ज्यांचं सारं आयुष्य इथे हिशेब तपासण्यात गेलं, ते म्हणाले, “पुस्तक चांगलं आहे, पण मी ते फक्त दुपारी वाचलं.” नागपूरच्या वहिनी इस्पितळात रात्रपाळ्या करणाऱ्या, शवागाराच्या दारावरून रोज जाणाऱ्या. त्यांनी सांगितलं की दोन रात्री पलंगावरून पाय खाली सोडवेना. इथेच वाढलेला एक अकरावीतला मुलगा मात्र फुरंगटून बसला होता. “पण हे तर स्टीफन किंगचं आहे!” असं तो तीनदा म्हणाला. आणि व्हिजिटवर आलेल्या एक आजी, ज्या सगळं ऐकत शांतपणे वाटाणे सोलत होत्या, त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ते घर नेमकं कुठे आहे रे? कुठल्या गावात?”

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्या प्रश्नामागे लागून मी पुढचे काही महिने बरंच वाचलं आणि थोडा भटकलोही. हा लेख त्यातूनच झाला आहे.

आजींचा प्रश्न फार जुना निघाला. इंग्रजीत झपाटलेल्या वास्तूची पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ च्या डिसेंबरात निघाली. वॉलपोलने तिच्यावर स्वतःचं नाव घातलंच नाही. एका जुन्या इटालियन ग्रंथाचं हे भाषांतर आहे, अशी बतावणी करून ती छापली. वाचक खूश झाले, समीक्षकांनीही कौतुक केलं. १७६५ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना त्याने खरं सांगितलं, की हे माझंच आहे. झालं! ज्या समीक्षेने आधी पाठ थोपटली होती तीच उलटली. जुन्या अडाणी काळातल्या माणसाने असं लिहिलं तर एक वेळ चालेल, पण आजच्या शिकलेल्या गृहस्थाने भुतंखेतं लिहावीत म्हणजे काय, असा तो सूर होता. पुस्तकातला एक शब्द बदलला नव्हता. बदलली होती फक्त ‘हे कुठून आलं’ याबद्दलची वाचकाची समजूत.

आमच्या अकरावीतल्या मुलाचं हेच झालं होतं. धारप (१९२५ ते २००८) पुण्याचे. शंभराहून अधिक पुस्तकं त्यांच्या नावावर. माझ्या पिढीने ती विकत क्वचितच घेतली. कोपऱ्यावरच्या खाजगी लायब्ररीतून, रोजच्या भाड्याने, खाकी कव्हर घातलेली, शेवटचं पान हटकून फाटलेलं अशी वाचली. मोठी माणसं म्हणायची, “काय ते भुताचं वाचता!” आणि आम्ही झोपल्यावर तेच पुस्तक स्वतः वाचायची. समर्थ आणि अप्पा जोशी ही जोडी आम्हाला शेजारी राहात असल्यासारखी वाटे. मराठी समीक्षेने या लेखकाकडे फारसं वळून पाहिलं नाही, हे मला आजही खटकतं. ‘लुचाई’ किंगच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे आणि ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर, हे आता सर्वश्रुत आहे. आम्हाला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. कळल्यावर कुणाला फसवल्यासारखं वाटलं, कुणी म्हणालं, अमेरिकेतलं भूत मराठी गावात आणून त्याला मराठी बोलायला लावणं ही काय सोपी गोष्ट आहे? मी दुसऱ्या बाजूचा. पण मूळ लेखकाचा उल्लेख पुस्तकात ठळक हवा, हे त्या मुलाचं म्हणणंही मला पटतं. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ चित्रपट आला, त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याचं दिग्दर्शकाने सांगितलं, आणि मग ज्यांनी धारपांचं नावही ऐकलं नव्हतं अशी मुलं त्यांची पुस्तकं शोधायला लागली.

पण आजींचा प्रश्न मुलाच्या प्रश्नाहून वेगळा. त्यांना पुस्तक कुठून आलं याच्याशी कर्तव्य नव्हतं, घर कुठे आहे ते हवं होतं. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन हिची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) ही या प्रकारातली फार नावाजलेली कादंबरी. त्याआधी १९४८ मध्ये तिची ‘द लॉटरी’ ही कथा प्रसिद्ध झाली. एका गावात दरवर्षी चिठ्ठी काढून एका माणसाला दगडांनी मारतात, अशी ती भयंकर गोष्ट. त्या उन्हाळ्यात तिला तीनशेहून जास्त पत्रं आली. संतापाची आणि शिव्यांची तर होतीच, पण हा प्रकार नेमका कुठे चालतो आणि आम्हाला तो बघायला जाता येईल का, असं विचारणारीही होती!

बघायला जाणाऱ्यांनी पुढे काय केलं ते अॅमिटीव्हिलच्या घराने सोसलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९७४ मध्ये एका घरात एका मुलाने आईवडील आणि चार भावंडांचा खून केला. वर्षभराने तिथे राहायला आलेलं कुटुंब २८ दिवसांत घर सोडून गेलं. १९७७ मध्ये त्यावर ‘सत्यकथा’ म्हणून पुस्तक निघालं, ते लाखोंनी खपलं, त्यावर सिनेमे आले. त्यातलं खरं किती, यावर खूप वाद झाले. पण त्यानंतर ज्यांनी ते घर विकत घेतलं, त्यांना भुतांचा त्रास झाला नाही, वाचकांचा झाला. रात्री-अपरात्री गाड्या थांबायच्या, लोक खिडकीतून डोकवायचे, फोटो काढायचे. शेवटी त्यांनी कोर्टात दावा लावला. पुढे घराचा नंबरसुद्धा बदलावा लागला.

आपल्याकडे हेच थोड्या वेगळ्या रूपात घडलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका जुन्या वाड्यात. आपल्यापैकी बहुतेकांनी ती इथे, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन पाहिली आहे. सुरुवातीच्याच दिवसांत सिंधुदुर्गात विरोध उठला. मालिका अंधश्रद्धा पसरवते, कोकणची बदनामी करते, ती बंद करा, अशी मागणी झाली. मी कुडाळकडचा, त्यामुळे तेव्हा मला तो विरोध अति वाटूनही आतून कुठेतरी बरं वाटलं होतं. पुढे मात्र त्याच वाड्यासमोर फोटो काढायला पर्यटक येऊ लागले. बदनामी आणि पर्यटन यांच्यात अंतर किती कमी असतं बघा.

शनिवारवाड्याचं उदाहरण तर घरचंच. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘काका मला वाचवा’ची आरोळी अमावास्येला ऐकू येते, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. १८२८ च्या आगीत तो सबंध वाडा जळाला, हे किती जणांना माहीत असतं?

आता इथे येऊ. रास अल खैमाकडे जाताना समुद्राच्या बाजूला ‘अल जझीरा अल हमरा’ नावाचं ओसाड गाव आहे. आपल्यातले कितीतरी जण तरुणपणी शुक्रवारच्या सुट्टीत तिथे ‘भूत बघायला’ गेलेले असतील. मीही गेलो होतो. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, पडकी अंगणं, वाऱ्याचा मनोरा, मशीद. जिन्नांनी गावकऱ्यांना पळवून लावलं, अशी वदंता. शिवाय इथल्या लोककथांतली ‘उम्म दुवैस’ आहेच. सुंदर, अत्तराचा घमघमाट सोडणारी, आणि जवळ गेलं की हाताच्या जागी कोयते असणारी. आपल्या हडळीची ही सख्खी मावसबहीण!

यावेळी मात्र मी दिवसाउजेडी, गावाचा इतिहास वाचून गेलो. ही वस्ती झआब जमातीची. मोती काढणं हाच धंदा. आणि मंडळी, या साऱ्या किनाऱ्याच्या मोत्यांची मोठी पेठ कुठली, तर आपली मुंबई! चलनही रुपयाच होता, अगदी १९६६ पर्यंत. जपानने कल्टिव्हेटेड मोती बाजारात आणले, त्यातच १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि धंदा बसला. पुढे १९६८ च्या सुमारास गावातली बहुतेक कुटुंबं अबूधाबीला जाऊन वसली. अबूधाबीत ‘अल झआब’ नावाचा भाग आहे, तो त्यांच्यामुळेच. म्हणजे कुणी कुणाला पळवलं नव्हतं. माणसं पोटापाण्यासाठी आणि बऱ्या दिवसांसाठी दुसरीकडे गेली, घरं तिथेच राहिली. हे वाक्य लिहिताना मी क्षणभर थांबलो होतो.

आणखी एक गंमत हाती लागली. या गावाच्या वदंतेवर ‘जिन’ नावाचा चित्रपट निघाला. ओसाड हमरा गावाच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये न्यूयॉर्कहून परतलेलं एक अमिराती जोडपं राहायला येतं, अशी गोष्ट. २०१३ मध्ये तो अबूधाबी चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. दिग्दर्शक टोबी हूपर. आणि १९७९ मध्ये ‘सालेम्स लॉट’ची टीव्ही मालिका करणारा दिग्दर्शक कोण? हाच! म्हणजे ज्या कादंबरीवर आमची ‘लुचाई’ बेतली, तिचं घर पडद्यावर उभारणारा माणूस चौतीस वर्षांनी आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या गावाची गोष्ट सांगून गेला. कट्ट्यावर हे सांगितलं तेव्हा अकरावीतला मुलगा पहिल्यांदा खुलला.

हमरा गावाची आता डागडुजी झाली आहे, तिथे कलामहोत्सव भरतो, युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव आहे. रास अल खैमातलाच अल कासिमी महाल, १९८५ मध्ये बांधायला घेतलेला, पस्तीस खोल्यांचा, पन्नास कोटी दिरहम खर्चून उभारलेला, वर्षानुवर्षं कुलपात होता. खिडकीत मुलांचे चेहरे दिसतात, अशी बोलवा. २०१९ च्या अखेरीस नव्या मालकाने तो ७५ दिरहम तिकीट लावून लोकांना खुला केला. आत झुंबरं, रंगवलेली छतं आणि रांगेतले पर्यटक.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. कुडाळजवळ आमचंही घर आहे. आई २०११ मध्ये गेली, तेव्हापासून बंद. एक भाऊ ठाण्याला, बहीण बडोद्याला, मी इथे. देखरेख करणारा गडी दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाला, “भाऊ, रातीचो दिवो दिसता तुमच्या घरात, असा लोक सांगतत. माका एकट्याक थय झोपूक सांगू नकात.” दलालाने तेवढ्यावर किंमत पाडून मागितली. गेल्या मे महिन्यात मी मुद्दाम दोन रात्री तिथे एकटा झोपलो. पहिल्या रात्री दिवा मलाही दिसला, आणि खोटं कशाला बोलू, घाम फुटला. मग उठून पाहिलं. वाटेवर नवा सौरदिवा लावलाय, त्याचा उजेड झरोक्यातून माजघरातल्या बाबांच्या तसबिरीच्या काचेवर पडतो आणि बाहेरून खिडकीत दिसतो. सकाळी गड्याला हाताला धरून आत नेलं, दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “ता तुमका कळला भाऊ, लोकांका कसा कळतला?”

कट्ट्यावर हेही सांगितलं. आजी मुक्काम संपवून परतल्या होत्या, म्हणून त्यांना फोन लावून दिला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “तसबीर काढलीस का रे तिथून?”

“नाही काढली.”

“बरं केलंस. आणि कुलूप?”

“ते लावलं, आजी.”

किल्ली इथे शारजाला पासपोर्टांच्या डब्यात आहे. येत्या मे महिन्यात तिघं भावंडं जाणार आहोत. विकायचं की कौलं बदलून घ्यायची, ते तिथे ओटीवर बसून ठरवू.