दिल्ली ते दौलताबाद : अंतर आणि अवधि

दोन दूरच्या नगरांमधील अंतर किती, असा प्रश्न केला असतां नकाशा एक उत्तर देतो आणि प्रवासी दुसरें. दिल्ली व दौलताबाद यांमधील सरळ आकाशमार्ग सुमारें 980 किलोमीटर भरतो. परंतु 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानें दौलताबादेस राजधानीचा मान दिला, तेव्हां त्याच्या आज्ञेनें निघालेल्या कुटुंबांना हें अंतर डोंगरनद्यांतून कापावें लागलें. इब्न बतूता ह्या मोरोक्कोच्या प्रवाशानें ती वाट चाळीस दिवसांची सांगितली आहे.

याच प्रवाशानें सुलतानाच्या डाकेचेंही वर्णन करून ठेविलें आहे. दर मैलास तीन चौक्या असत. एका हातीं पत्र व दुसऱ्या हातीं घुंगरांची काठी घेतलेला जासूद दुरून ऐकूं येतांच पुढील चौकीवरचा कंबर कसून उभा राही. सिंधहून दिल्लीस येण्यास प्रवाशास पन्नास दिवस लागत; डाक पांच दिवसांत पोंचे. म्हणजे राजाचें अंतर प्रजेच्या अंतराच्या दशांश होतें. राजधानी हलविण्याच्या निर्णयांतील एक उणीव आम्हांस येथें दिसते. ज्यास बातमी इतक्या त्वरेनें मिळते, त्यास लांबची वाटही जवळची भासूं लागते. त्याच वाटेनें म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें न्यावयाचीं आहेत, हें त्या हिशेबांत येत नाहीं. सारी दिल्ली ओस पडली, हें कथन आजचे इतिहासकार अतिशयोक्त मानतात. मुख्यतः अमीर, उलेमा व सूफी यांचीं घराणीं हलविलीं गेलीं. तथापि जे गेले त्यांचे हाल त्यामुळें कमी ठरत नाहींत. कांहीं वर्षांनीं सुलतानासच त्यांना परतण्याची मोकळीक द्यावी लागली.

प्रवासाचे क्लेश खुद्द सुलतानासही चुकले नाहींत. फेरिश्ता लिहितो कीं, वरंगळकडून दौलताबादेस जातांना बीड येथें त्याचा दात दुखूं लागला. तो काढून तेथेंच समारंभानें पुरला व वर थडगें बांधिलें. बीडजवळील करजणी येथें त्या दाताची कबर आजही दाखविली जाते.

आज विमान हेंच अंतर सुमारें दोन तासांत तोडतें. पण बीडकरांस जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपति संभाजीनगरचें चिकलठाणें. तेथवर शंभराहून अधिक किलोमीटर सडकेनें जावें लागतें. जिल्ह्यांतील परळीस निजामाच्या राजवटींतच आगगाडी आली होती. बीड शहरास मात्र ती अहिल्यानगरहून 17 सप्टेंबर 2025 रोजीं लाभली. त्या मार्गास मंजुरी 1995 मधली!

म्हणून विमानाचे तास मोजतांना विमानतळापर्यंतचे तासही त्यांत मिळवावे, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे. अंतर कोणाच्या दारापासून मोजलें, हें ज्या आंकड्यांत नाहीं, तो आंकडा राज्यकर्त्यांच्या सोयीचा असेल; प्रवाशाच्या उपयोगाचा नव्हे.