शोकात्म नायक

शोकात्म नायक : शोकात्मिकेच्या केंद्रस्थानी असलेली, स्वतःच्याच कृतीतून स्वतःचा नाश ओढवून घेणारी व्यक्तिरेखा. ‘शोकांत नायक’ आणि ‘शोकनायक’ हे पर्यायही रूढ आहेत. या व्याख्येत ‘कृतीतून’ हा शब्द निर्णायक आहे. मराठी नाट्यविचारात या नायकाचा नाश पुष्कळदा त्याच्या ‘स्वभावदोषा’ला चिकटवला गेला आणि त्यामुळे उत्तम मराठी शोकात्मिकांचे वाचन एकेरी झाले, असे प्रस्तुत नोंदीत प्रतिपादन केले आहे.

संज्ञा : ‘शोकांतिका’ ही संज्ञा नाटकाच्या शेवटाकडे बोट दाखवते, ‘शोकात्मिका’ त्याच्या प्रकृतीकडे. दुसरी अधिक नेमकी आहे. सॉफोक्लीझच्या ‘फिलोक्टेटीस’चा किंवा युरिपिडीझच्या ‘अल्सेस्टिस’चा शेवट मृत्यूत होत नाही, तरी ग्रीकांनी त्यांना याच प्रकारात गणले. उलट केवळ शेवटी कोणी मेले म्हणून नाटक शोकात्म ठरत नाही. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेसाठी मराठीत एकमत झालेले नाही. विंदा करंदीकरांच्या ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) या ग्रंथाने ती चर्चा मराठी वाचकाच्या हाती दिली, पण वर्गांतून आणि परीक्षणांतून पर्याय बदलत राहिले. ओळख पटण्याच्या नाट्ययुक्तीसाठी ‘अभिज्ञान’ हा त्यांतला सर्वांत समर्थ पर्याय, कारण तो शब्द आपल्याकडे कालिदासाच्या नाटकाच्या नावातच आहे. शाकुंतलात ओळख पटते आणि दुरावलेले एकत्र येतात. ईडिपसला स्वतःची ओळख पटते आणि त्याचे राज्य, घर, डोळे सारेच जाते. नाट्ययुक्ती एकच, फळे दोन टोकांची. दैवाची दिशा अचानक उलटी फिरण्याला ‘विपर्यास’ म्हणतात, पण व्यवहारात या शब्दाला ‘अर्थाचा अनर्थ’ अशी छटा आल्याने तो नीट बसत नाही. सर्वाधिक गोंधळ नायकाच्या नाशाला कारण होणाऱ्या ‘हामार्तिआ’विषयी आहे. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे ही कल्पना आहे. नेम चुकलेला तिरंदाज वाईट माणूस नसतो. त्याने बाण मात्र सोडलेला असतो. मराठीत यासाठी ‘दोष’, ‘उणीव’, ‘स्खलन’, ‘प्रमाद’ असे शब्द वापरले गेले. त्यांपैकी ‘प्रमाद’ स्वीकारावा, कारण संस्कृतात त्याचा अर्थ अनवधान, हातून घडलेली चूक असा आहे; त्यात माणसाच्या गुणवत्तेवर ठपका नाही.

मराठीतील आगमन : विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. मराठी रंगभूमीचा आरंभ असा विवाहमंगलाने झाला. शोकात्म नाटक आले ते अठरा वर्षांनी, विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकाने. मधल्या काळात नव्या शिक्षणातून शेक्सपिअर आला होता. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ (१८६७), गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३, मूळ ‘हॅम्लेट’), गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०, मूळ ‘ऑथेल्लो’) ही नंतरची ठळक भाषांतरे-रूपांतरे. ‘विकारविलसित’मधील चंद्रसेनाची, म्हणजे हॅम्लेटची, भूमिका शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी गाजवली. संस्कृत नाट्यपरंपरेकडून या लेखकांना आधार मिळण्यासारखा नव्हता. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये हा संकेत दृढ होता. दुर्योधनाचा अंत प्रेक्षकांसमोर घडवणारे भासाचे ‘ऊरुभंग’ त्रिवेंद्रमहून १९१२ मध्ये छापले गेले, तोवर मराठी शोकात्मिकेचे अर्धशतक उलटले होते. कीर्तन्यांच्या नाटकाला पहिली मराठी शोकात्मिका म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र त्यातील माधवराव क्षयाने जातो आणि रमाबाई सती जातात. नायकाने स्वतःच्या हाताने काही ओढवून घेतलेले नाही. शोक पुरेपूर आहे, शोकात्म नायक नाही.

दोष की प्रमाद : आगरकरांनी निवडलेले नावच पाहावे. ‘विकारविलसित’ म्हणजे मनोविकारांचा खेळ. शोकात्मिका म्हणजे एखाद्या विकाराने ग्रासलेल्या थोर माणसाची कहाणी, ही समजूत या नावात गोठली आहे. पुढे ए. सी. ब्रॅडलीच्या शेक्सपिअरवरील व्याख्यानांचा ग्रंथ (१९०४) महाविद्यालयांत पोहोचला आणि ‘स्वभाव हेच दैव’ या धर्तीच्या विवेचनाने तिला विद्वन्मान्यता मिळाली. मग हॅम्लेटचा दोष दिरंगाई, ऑथेल्लोचा संशय, लिअरचा अविचार, मॅक्बेथचा राज्यलोभ अशी कोष्टके तयार झाली. विद्यार्थ्याला ती सोयीची वाटतात, पण नाटकाबद्दल ती फार थोडे सांगतात. याचा सर्वांत चांगला पुरावा खुद्द देवलांच्या लेखनात आहे. ज्या देवलांनी संशयाने बायकोचा जीव घेणारा झुंझारराव मराठीत आणला, त्यांनीच ‘संशयकल्लोळ’ (१९१६) हे प्रहसन लिहिले. त्यातला फाल्गुनरावही संशयाने पछाडलेला आहे, तोही पुराव्याच्या नावाखाली भलत्याच वस्तूवर भरवसा ठेवतो. एकाच्या हाती रुमाल आहे, दुसऱ्याच्या हाती तसबीर. विकार तोच, नाटककार तोच, भाषा तीच. तरीही एका नाटकात आपण थरारतो आणि दुसऱ्यात मनमुराद हसतो. स्वभावदोषच जर शोकात्म नायक घडवत असता तर फाल्गुनरावही तसा नायक ठरला असता. फरक आहे तो कृतीच्या आणि ज्ञानाच्या क्रमात. फाल्गुनरावाची चूक हातून काही अघटित घडण्याआधी उघडी पडते. झुंझाररावाला सत्य कळते तेव्हा जे करू नये ते करून झालेले असते, आणि ते परत फिरवता येत नाही. ॲरिस्टॉटलने अजाणता कृती आणि नंतरचे ज्ञान यांच्या परस्परसंबंधांना इतके महत्त्व का दिले, हे या दोन मराठी नाटकांवरून जितके चटकन ध्यानात येते तितके मूळ ग्रीक उदाहरणांवरूनही येत नाही.

महाभारतातला कर्ण मराठी मनाला इतका जवळचा का, याचे उत्तरही इथेच सापडते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ (१९५३) आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) ही कादंबरी याच आकर्षणातून आली. कर्णाने कवचकुंडले दिली ती लोभाने नाही आणि मत्सरानेही नाही. त्याचे दातृत्व, म्हणजे त्याचा सर्वांत उजळ गुण, त्याला मृत्यूकडे नेतो. गुणच घात करतो अशा ठिकाणी ‘दोष’ हा शब्द वापरायचा तर शब्दकोश उलटा करावा लागेल.

‘एकच प्याला’चा दाखला : राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची होती आणि बालगंधर्वांनी नायक सुधाकराची पत्नी सिंधू उभी केली. हे नाटक मद्यपाननिषेधाचे म्हणून ओळखले जाते आणि सुधाकराचा दोष दारू, असे उत्तर सर्रास दिले जाते. नाटकातील घटनांचा क्रम मात्र वेगळे सांगतो. सुधाकर गरिबीतून वर आलेला, बुद्धिमान, मानी वकील आहे. मुनसफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते आणि हा अपमान त्याला सोसवत नाही. विसर पडावा म्हणून त्याचा कारकून तळीराम पेला पुढे करतो. दारू इथे कारण म्हणून आलेली नाही. ती आधीच जखमी झालेल्या स्वाभिमानावरचा उतारा म्हणून आली आहे. हाच स्वाभिमान त्याला एका अनाथ पोराचा नामांकित वकील करून गेला होता. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, सोडतोही, आणि सुधारलेल्या माणसाला उभे करायला समाजात कोणी तयार नाही हे कळल्यावर पुन्हा पेल्याकडे वळतो. परतीचा हा प्रसंग नाटकाचा खरा कणा आहे. प्रचारनाट्याला पहिली घसरण पुरली असती. गडकऱ्यांनी सावरलेला माणूस दुसऱ्यांदा पाडला, कारण त्यांना व्यसनापेक्षा मोठे काही दाखवायचे होते. सिंधूने माहेरची मदत घ्यायची नाही ही अटही त्याच मानातून येते आणि ती निष्ठेने पाळत सिंधू दळणकांडणावर दिवस काढते. शेवटी मूल, सिंधू आणि स्वतः सुधाकर असे सारे घर संपते.

सुधाकराजवळ अभिज्ञानही आहे. व्यसनी माणूस टप्प्याटप्प्याने कसा बुडतो आणि का परतू शकत नाही, हे तो आपला मित्र रामलाल याला स्वतः उलगडून सांगतो. बुडणाऱ्याने बुडण्याचे इतके स्वच्छ वर्णन करावे, हे मराठी रंगभूमीवर त्याआधी घडले नव्हते. समजते आणि तरीही थांबवता येत नाही, ही सुधाकराची अवस्था ईडिपसपेक्षा निराळी आहे: ईडिपसच्या बाबतीत ज्ञान कृतीनंतर येते, सुधाकराच्या बाबतीत ते मध्येच येते आणि उपयोगी पडत नाही. गडकऱ्यांनी या प्रकारात घातलेली भर म्हणून हीच गोष्ट नोंदवावी लागेल. तळीरामाच्या आर्य मदिरामंडळाचे विनोदी प्रवेश शोकात्म परिणामाला मारक आहेत, ही तक्रार जुनी आहे आणि काही अंशी खरी आहे. त्या प्रवेशांनी नाटक लांबते. पण त्या हशातच सुधाकराचा पुढचा मुक्काम प्रेक्षकाला आधी दिसतो, हेही विसरता येत नाही.

आक्षेप : या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की कर्मविपाक मानणाऱ्या समाजात शोकात्म नायक उपराच राहणार. प्रत्येक दुःखाला पूर्वकर्माचे कारण असेल तर अनाठायी दुःख उरतच नाही. तत्त्वज्ञानाच्या पातळीवर यात तथ्य आहे, पण प्रेक्षक नाट्यगृहात तत्त्वज्ञ म्हणून बसत नाही. सिंधूचे हाल पाहून तिच्या मागल्या जन्माचा हिशेब कोणी मांडल्याचे दिसत नाही. शिवाय महाभारतासारखा ग्रंथ याच समाजाने जपला, ज्यात विजेत्यांच्याही वाट्याला स्मशान येते. दुसरा आक्षेप मॅक्बेथचा. तो अजाणता काही करत नाही; खून पाप आहे हे जाणून करतो. शि. म. परांजप्यांचे ‘मानाजीराव’ आणि शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ या ‘मॅक्बेथ’च्या मराठी रूपांतरांतही ही अडचण तशीच आहे. इथे ‘प्रमाद’ हा शब्द ताणावा लागतो हे मान्य केले पाहिजे. इतकेच म्हणता येईल की मॅक्बेथला खुनाचे पाप ठाऊक असते. खुनानंतर आपले काय होईल हे ठाऊक नसते. झोप उडालेल्या राजाचे चित्र त्या अज्ञानाचे आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : राजे-सेनापती गेले, आता मध्यमवर्गीय माणसाच्या पडण्याला उंची कुठली? ‘नटसम्राट’ (१९७०) हे त्याचे उत्तर आहे. शिरवाडकरांनी लिअरचे राज्य काढून घेतले आणि गणपतराव बेलवलकराला एका निवृत्त नटाची बेताची मिळकत दिली. ती तो मुलगा आणि मुलगी यांना वाटून टाकतो. हा अविचार खरा, पण तो प्रेमाचा अविचार आहे आणि रोज कुठल्या ना कुठल्या घरात होतो. उंची येते ती भाषेतून. जो आयुष्यभर राजांची भाषा बोलला त्याच्या तोंडी ती भाषा उरली आहे आणि डोक्यावरचे छप्पर गेले आहे. श्रीराम लागूंनी ही भूमिका प्रथम केली. आवाज आणि अवस्था यांतले हे अंतरच त्या भूमिकेचे आव्हान होते. पत्नी कावेरी धोक्याची सूचना आधीच देते, तो ऐकत नाही. येथेही नेम चुकतो, नियत नाही.

करुणाचा आनंद : शोक पाहून आनंद का होतो या प्रश्नावर न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदा साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची, म्हणजे स्वतःचे भान राखून दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होण्याची, कल्पना मांडली. याच प्रश्नाला ॲरिस्टॉटलचे उत्तर कॅथार्सिस हे आहे; त्यासाठी वापरला जाणारा ‘विरेचन’ हा शब्द वैद्यकातला आहे.

ग्रीक नाटके मराठीत : पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) उल्लेखनीय.

शोकात्म नायिका : सिंधू, तसेच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील लीला बेणारे. स्वतंत्र नोंदीचा विषय.

संज्ञेचा सैल वापर : वृत्तपत्री मराठीत अपघात, पूर, गोळीबार या सर्वांना ‘शोकांतिका’ म्हटले जाते. भाषा बदलते हे खरे, पण इथे अर्थाबरोबर न्यायाचाही प्रश्न येतो. उदाहरणार्थ, नवी मुंबईसाठी १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्यातून आली. या मृत्यूंना शोकांतिका म्हणणे शास्त्रदृष्ट्या चूक आहे. शोकात्मिकेत नाशाचा धागा नायकाच्या स्वतःच्या हातापर्यंत येतो. इथे तो धागा दुसऱ्यांच्या हाती होता आणि मरणाऱ्यांचा कोणताही प्रमाद नव्हता. सैल शब्द वापरला की गोळी झाडणारा हात वाक्यातून नाहीसा होतो आणि दैव कर्ता बनते. अशा प्रसंगी ‘अन्याय’ किंवा ‘हत्या’ हे शब्द मराठीत उपलब्ध आहेत.