धर्मापुरी ते एम.टेक. : दोन वर्षांची वाट

स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही जुने वर्गमित्र बसलो होतो. आपल्या गावातली किती मुले इंजिनिअर झाली याची मोजदाद चालू होती आणि नावांवर नावे निघत होती. मग कोणीतरी विचारले, "यातल्या किती जणांनी पुढे कॉम्प्युटरमध्ये एम.ई., एम.टेक. केले?" बैठक एकदम शांत झाली. "आपली पोरं तिथं कमी पडतात," असे एक जण म्हणाला. मला ते पटले नाही. का पटले नाही, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विद्या आपल्या गावाला नवी नाही. केदारेश्वराच्या मंदिरावर, चालुक्यांच्या काळात कोरलेली, हाती लेखणी घेऊन लिहिणारी स्त्री आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. पण मधल्या काळात शिक्षण दूर गेले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निझामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. मराठी घरातल्या मुलाला आधी भाषा ओलांडावी लागे, मग विषय. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तिथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले आणि या भागात राष्ट्रीय शिक्षणाचा दिवा तेवत ठेवला.

१९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले आणि १९६० मध्ये तिथेच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. योगायोग असा, की त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. खोलीभर पसरलेल्या या यंत्राची स्मृती २,०४८ शब्दांची होती. आज मोबाइलमधला एक फोटोही तीत मावणार नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना तेव्हा 'संगणक' हा शब्दही माहीत नव्हता. त्यांच्यासाठी औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकणे म्हणजेच परदेशी जाण्यासारखे होते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली, फीचा बोजाही खरा होता. पण त्या दशकात अंबाजोगाईलाच अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. जी पदवी पूर्वी हैदराबादला, मग औरंगाबादला होती, ती एसटीच्या पासावर आली.

पदवीचे अंतर असे किलोमीटरमध्ये कमी होत गेले. पदव्युत्तर शिक्षणाचे अंतर मात्र वर्षांत मोजायचे असते. चार वर्षे घराने पोटाला चिमटा काढून शिकवले. बी.ई. झाल्यावर वडील म्हणणार, "बाळा, आता नोकरी धर." त्यात त्यांचे चुकते कुठे? कोरडवाहू शेती, डोक्यावर कर्ज, बहिणीचे लग्न. ज्या जिल्ह्यातून दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, तिथे कमावत्या मुलाची दोन वर्षे ही चैन वाटणारच. मुले हुशारीत कमी पडली नाहीत. तेवढे थांबायला घराला जमले नाही.

आणि थांबण्याने काय मिळते, हे दाखवणारा माणूस आपल्यासारख्याच खेड्यातला आहे. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. नागपूरला बी.ई., बडोद्याला एम.ई. आणि मग दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. अमेरिकेने महासंगणक देताना अडवणूक केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. बी.ई. ला आपण बरेच विषय थोडे थोडे शिकतो. एम.टेक. च्या दुसऱ्या वर्षात एकच प्रश्न घेऊन प्रबंध लिहायचा असतो. तयार उत्तर नसलेल्या प्रश्नापाशी चिकाटीने बसायची सवय तिथे लागते.

आता माझी गोष्ट. बी.ई. झालो आणि पुण्यात नोकरीला लागलो. गेट परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक. करणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळते, हे मला शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून कळले. तोवर घरचे हप्ते माझ्या पगारावर चालू झाले होते. ही परीक्षा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून होत आली आहे. म्हणजे दार उघडेच होते. आम्हाला कोणी ते दाखवले नाही.

म्हणून नव्या मुलांसाठी इथे लिहून ठेवतो. गेटची परीक्षा तीन तासांची, १०० गुणांची. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुणांक तीन वर्षे चालतो. त्यामुळे वर्षभर नोकरी करून, घरचे एखादे देणे फेडूनही एम.टेक. ला जाता येते. विद्यावेतन पूर्वी ८,००० रुपये होते, २०१४ च्या अखेरीस ते १२,४०० करण्यात आले. एवढ्यात घर चालत नाही हे खरे. पण मुलाला घराकडे हात पसरावा लागत नाही. गेटशिवाय प्रवेश घेतला तर हे विद्यावेतन नाही, फी तेवढी भरायची. हा फरक आधीच माहीत हवा.

गुरुजींनी आपल्याला दहावीपर्यंत आणले. पुढची वाट ज्याची त्याने चाचपडत शोधली. या मेळाव्याच्या निमित्ताने एवढे ठरवू या : दरवर्षी आपल्यापैकी दोघांनी शाळेत यायचे आणि मुलांना, विशेषतः मुलींना, पुढच्या सगळ्या पायऱ्या पैशांच्या हिशेबासह सांगायच्या. 'दोन वर्षे थांब' असे मुलीला सांगणारे घर आजही विरळाच. ज्या गावाच्या देवळावर लिहिणारी बाई शेकडो वर्षे उभी आहे, त्या गावाने तरी तिला थांबायला वेळ द्यावा.