प्लेगचें भय आणि मुंबई शहर

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं एका तापकऱ्याला तपासून प्लेगचें निदान केलें. धान्याच्या वखारींनीं व दाटीच्या चाळींनीं भरलेल्या त्या वस्तींत हें नांव पसरण्यास वेळ लागला नाहीं. प्लेगचा जंतु दोन वर्षांपूर्वींच हाँगकाँग येथें सांपडला होता. पण रोग उंदरांच्या पिसवांमुळें माणसांत येतो, हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. नगरपालिका गटारें धूत होती, भिंतींना चुना देत होती, कार्बोलिक शिंपीत होती. ज्याला शत्रूचा ठाव माहीत नाहीं तो दिसेल तेथें वार करतो, त्यांतलाच हा प्रकार.

तथापि लोकांच्या मनांतील धास्ती केवळ रोगाची नव्हती. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं ६ ऑक्टोबर रोजीं रोग्यांस सक्तीनें रुग्णालयांत हलविण्याचा हुकूम काढला, आणि भीतीला निराळेंच वळण लागलें. आर्थर रोडच्या रुग्णालयांत गेलेलें माणूस बहुधा परत येत नसे. कारण रोगी तेथें पोंचे तोच अखेरच्या घटकेला. लोकांनीं मात्र याचा अर्थ उलटा लावला. रोग्यांच्या अंगांतून मोमिआई काढतात, अशी कंडी पिकली. महाराणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासलें त्याचा हा सूड, असेंही बोललें जाई. या गप्पांना हंसणें आज सोपें आहे. पण दाराआड काय चालतें हें ज्यास कोणी सांगत नाहीं, तो मनानेंच तें रचणार. घरोघर रोगी लपविले जाऊं लागले. ऑक्टोबरअखेरीस सुमारें हजार गिरणीकामगारांनीं रुग्णालयावरच हल्ला चढविला.

दुसऱ्याच दिवशीं हुकूम सैल करण्यांत आला. त्यामागें कमिशनरांचेंही एक भय होतें : भंगी व झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाहीं! इतर लोक तर जातच होते. १८९१ च्या खानेसुमारींत सव्वाआठ लाखांच्या आसपास भरलेल्या या शहरांतून १८९७ च्या आरंभापर्यंत निम्म्याच्या जवळपास वस्ति निघून गेली. आगगाडीबरोबर रोगही गेला. पुण्यास घरझडत्यांचा जो अतिरेक झाला, त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर झालेल्या गोळीबारांत झाला.

मुंबईंत मार्च १८९७ पासून जनरल गटाकर यांची कमिटी काम पाहूं लागली. झडत्या तिनेंही घेतल्या. पण निरनिराळ्या जातिजमातींना आपापलीं रुग्णालयें उघडण्यास तिनें उत्तेजन दिलें. आपल्या हातचें अन्न, ओळखीचा वैद्य किंवा हकीम, उशाशीं बसलेली आई किंवा बहीण, एवढ्यानेंच दवाखान्याचें रूप पालटलें. औषध त्याहून गुणकारी नव्हतें. प्लेगवर रामबाण उपाय तेव्हां नव्हताच. धीर दिला तो सोबतीनें. जेथें ही सोबत नाकारली गेली तेथें जुनें भय तत्काळ उसळे. ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांत एका आजारी मुलीला नेण्यासाठीं पथक आलें तेव्हां विणकर जुलाहे खवळले, आणि शहरांत दंगल पेटून गोळीबार झाला.

लसीचीही हीच कथा. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत डॉ. हाफकिन यांनीं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील कैदी स्वखुषीनें पुढें आले. परंतु सरकारी पत्रकांनीं जें साधलें नाहीं तें एका तरुणानें साधलें. एकोणीस-वीस वर्षांच्या आगाखानांनीं आपल्या अनुयायांच्या डोळ्यांदेखत, एकदां नव्हे तर पुनःपुन्हां, लस टोंचून घेतली. खोजा मंडळी मग मोठ्या संख्येनें पुढें आली.

असा विश्वास जोडण्यास महिने लागतात, तुटण्यास एक दिवस पुरतो. पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं १९०२ च्या ऑक्टोबरांत लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिन यांच्या माथीं आला, आणि त्या प्रांतांतील लस टोंचण्याची मोहीम बसली. प्रयोगशाळेची चूक नव्हती, बाटली गांवांत उघडतांना दूषित झाली होती, हें मान्य होऊन ते दोषमुक्त झाले १९०७ मध्यें. पंजाबांत प्लेगनें सर्वांत मोठा कहर केला तोही त्याच वर्षीं.