शेवटून पहिले

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये वरच्या मार्कांना कॉम्प्युटर मिळतं आणि खालच्यांना उरेल ती ब्रँच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट सैनिकी अकादमीत शेवटच्या निकालावर असंच वाटप व्हायचं. वरच्या नंबरचे कॅडेट इंजिनिअर होऊन किल्ले आणि बंदरं बांधायचे. तळाचे बहुतेक पायदळात, घोडदळात. थोडक्यात, यादीत मागे तो लढाईत पुढे!

शेवटून पहिल्या आलेल्याला तिथे पुढे ‘गोट’, म्हणजे बकरा, हे नाव पडलं. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत असे काही बकरे होते. 1 जुलै 1863 रोजी हेन्री हेथच्या तुकडीची चकमक झाली आणि तिथून लढाई पेटली. हेथ 1847 च्या बॅचचा शेवटचा. 3 जुलैला जॉर्ज पिकेटची माणसं उघड्या मैदानातून तोफांवर चालून गेली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पडली, जखमी झाली किंवा पकडली गेली. पिकेट 1846 च्या बॅचमध्ये 59 पैकी 59वा. हल्ला इतिहासात त्याच्याच नावावर आहे. पण हुकूम होता रॉबर्ट ली यांचा, आणि ते 1829 च्या बॅचमध्ये दुसरे आले होते.

त्याच दिवशी जवळच शत्रूचं घोडदळ अडवण्यात 23 वर्षांच्या जॉर्ज कस्टरचा मोठा वाटा होता. कस्टर 1861 मध्ये 34 पैकी 34वा. बेशिस्तीचे 726 शेरे त्याच्या नावावर होते. युद्ध पेटलेलं, अधिकारी हवे होते, म्हणून दोनच वर्षांत तो ब्रिगेडिअर जनरल झाला.

‘मार्कांत काय आहे’ म्हणणारे कस्टरची गोष्ट इथेच थांबवतात. 25 जून 1876 रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी त्याच्या वाटाड्यांनी सांगितलं होतं, की समोरची वस्ती फार मोठी आहे. त्याने ऐकलं नाही, वर रेजिमेंटही विभागली. तो आणि त्याच्यासोबतचे दोनशेहून अधिक सैनिक मारले गेले.

असाच पेच आपल्या खालापूर तालुक्यातही पडला होता. 2 फेब्रुवारी 1661 रोजी मुघल सरदार कारतलबखान कोकणात उतरताना उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला. चूक तशीच होती, अनोळखी मुलखात बेधडक घुसण्याची. पण सोबतच्या रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने तो मानला. सामानसुमान गेलं, पण वाचलेली माणसं घेऊन तो परत गेला.

नंबरावरून ठरतं ते एवढंच, की तुम्हाला उभं कुठे करायचं. तिथे उभं राहिल्यावर कुणाचं ऐकायचं, हे लीच्या मार्कशीटमध्येही नव्हतं आणि कस्टरच्याही.