काचेवर उरलेले गाव

कोणत्याही घरातील जुन्या छायाचित्रांची पेटी उघडावी. लग्नातील वधूवर, खुर्चीत ताठ बसलेले आजोबा, डोळ्यांत काजळ घातलेले तान्हे मूल, सारे तीत सापडतील. ज्या रस्त्याने ते आजोबा आयुष्यभर ये-जा करीत, तो रस्ता मात्र तीत सापडायचा नाही. रोज दिसते त्याचे चित्र काय काढायचे, असे आपण म्हणतो. आणि मग एके दिवशी ते दिसेनासे होते. श्रोतेहो, या सामान्य गोष्टींच्या चित्रांना इतिहासात केवढे मोल येऊ शकते, हे आयर्लंडमधील एका जुन्या संग्रहाने दाखवून दिले आहे.

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्लॅकवॉटर नदी समुद्राला मिळते तेथे, यॉल नावाचे छोटेसे बंदर आहे. मूळ आयरिश भाषेत या नावाचा अर्थ यू वृक्षांचे रान. गावाच्या मुख्य रस्त्यावर १७७७ साली बांधलेली, माथ्यावर घड्याळ असलेली एक उंच वेस आहे. खालच्या कमानीतून रहदारी जाते. वरच्या मजल्यांवर एके काळी तुरुंग होता, आणि १७९८ च्या उठावातील बंडखोरांना याच इमारतीवर फाशी दिले गेले. पुढे त्याच मजल्यांवर चूल पेटली. तेथे राहणारे शेवटचे कुटुंब १९५९ साली बाहेर पडले. गावकऱ्यांना मात्र ही वास्तू म्हणजे किती वाजले ते पाहण्याची जागा!

या वेशीसमोर आपला अवजड कॅमेरा मांडणाऱ्या पेढीची कथा डब्लिनमध्ये सुरू होते. विल्यम लॉरेन्स या व्यापाऱ्याने १८६५ साली तेथील सॅकव्हिल रस्त्यावर, मुख्य टपाल कचेरीच्या समोर, छायाचित्रांचे दुकान थाटले. गिऱ्हाईक येई ते आपली तसबीर काढून घेण्यासाठी. पण आगगाड्या वाढल्या, लोक सहलीला निघू लागले, आणि गावोगावच्या दृश्यांना मागणी आली. ती पुरविण्याचे काम रॉबर्ट फ्रेंच याच्याकडे आले. १८४१ साली जन्मलेला हा गृहस्थ पूर्वी पोलीस शिपाई होता. १९१४ साली निवृत्त होईपर्यंत तो आयर्लंडभर हिंडला. संग्रहातील सुमारे चाळीस हजार काचांपैकी बहुतेक त्याच्या हातच्या आहेत. तथापि छायाचित्राच्या कोपऱ्यात अक्षरे असत ती मालकाच्या नावाची. फ्रेंचचे नाव कोठेच नसे.

त्याने काय टिपले? गावाचा मुख्य रस्ता, बाजारपेठ, पूल, देऊळ, न्यायकचेरी, दुकानांच्या पाट्या, गाढवाची गाडी, आणि कॅमेऱ्याकडे टक लावून उभी राहिलेली अनवाणी पोरे. चालता माणूस धूसर व्हायचा. स्थिर उभी राहिलेली भिंत मात्र विटेविटेसह उमटायची.

१९१६ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या सोमवारी डब्लिनमध्ये उठाव झाला आणि समोरची टपाल कचेरी हेच त्याचे ठाणे बनले. लॉरेन्सचे दुकान लुटले गेले. त्यातील शोभेची दारू लोकांनी भर रस्त्यात उडविली. नंतर दुकान जळाले आणि माणसांच्या तसबिरींच्या काचा नष्ट झाल्या. गावोगावच्या दृश्यांच्या काचा मात्र रॅथमाइन्स या उपनगरात ठेवलेल्या होत्या. त्या वाचल्या! ज्यांच्यासाठी लोकांनी हौसेने पैसे मोजले ते चेहरे गेले. कोणी मुद्दाम काढून न घेतलेले रस्ते उरले.

या योगायोगाचे महत्त्व लवकरच वाढले. १९२० साली स्वातंत्र्ययुद्धात ओस पडलेली शेकडो पोलीस ठाणी जाळण्यात आली. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दप्तरखाने भस्मसात झाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील शिरगणतीचे बहुतेक कागद त्यांबरोबर गेले. ज्या देशाच्या कागदी स्मृतीचा एवढा मोठा भाग राख झाला, त्याला सहलकऱ्यांसाठी काढलेली ही चित्रे साक्षीदार म्हणून उपयोगी पडली. १९४३ साली राष्ट्रीय ग्रंथालयाने तो संग्रह विकत घेतला.

अर्थात हा साक्षीदार सर्वच सांगतो असे नव्हे. स्वतंत्र राज्य झाल्यावर आयर्लंडने टपालपेट्यांचा तांबडा रंग पुसून हिरवा दिला. लोखंडात ओतलेली इंग्रज राजाराणीची आद्याक्षरे कितीतरी पेट्यांवर तशीच राहिली. जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात ती पेटी आजच्यासारखीच दिसते. मधली क्रांती डोळ्यांना जाणवत नाही. चित्र स्थळ दाखविते. त्याचा अर्थ मात्र जाणत्याकडून ऐकावा लागतो.

म्हणूनच १९९० आणि १९९१ साली झालेला एक उपक्रम मला मोलाचा वाटतो. हौशी छायाचित्रकार फ्रेंचच्या चित्रांतील एक हजार स्थळी गेले आणि शक्यतो त्याच जागी उभे राहून त्यांनी पुन्हा तीच दृश्ये टिपली. दोन चित्रे शेजारी ठेवली की गावाचे चरित्र वाचता येते. दुकान तेच, पाटी दुसरी; रस्ता तोच, गाढवाच्या जागी मोटार. यॉलला १८६० साली आलेल्या आगगाडीची नियमित प्रवासी वाहतूक १९६३ साली थांबली. वेस मात्र जागच्या जागी आहे.

फ्रेंच १९१७ साली वारला. आपण इतिहास लिहीत आहोत, असे त्याला क्वचितच वाटले असेल. तो पोटासाठी काम करीत होता. पण त्या वेशीखालून जाणारी माणसे वर पाहून फक्त वेळ पाहत होती, तेव्हा हा मनुष्य वेशीकडे पाहत होता. एवढ्या एका फरकाने तो काळ आपल्या हाती लागला.