कूस उजवण्यामागचे विज्ञान

लेकीसुनेची कूस उजवली तर पेढे, नाही तर बोल तिच्या नशिबाला! या नशिबाचा एक धागा तेव्हा जर्मनीत आणि आज पोलंडमध्ये असलेल्या ब्रेस्लाऊ शहरात उलगडला.

स्त्रीबीज सुटल्यावर बीजकोशात पीतपिंड तयार होतो. तोच गर्भाशयाला गर्भ रुजवण्यासाठी सज्ज करत असावा, हा तर्क गुस्ताव बोर्न यांचा. १९०० मध्ये ते वारले. लुडविग फ्रेंकेल यांनी सशाच्या माद्यांमधले पीतपिंड काढून पाहिले. गर्भ रुजेना! १९०३ मध्ये त्यांनी हे मांडले. १९२९ मध्ये अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन यांनी पीतपिंडाच्या अर्काने गर्भ टिकवून दाखवला. १९३४ मध्ये त्यातले प्रोजेस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आले. इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढवते, मग प्रोजेस्टेरॉन ते पोषक करते. त्या मोजक्या दिवसांतच गर्भ रुजतो. आज टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतही प्रोजेस्टेरॉन देतात.

फ्रेंकेल ज्यू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना पदावरून काढले, पुढे देशही सुटला. रुजायला आधी जमीन तयार लागते, हे सांगणाऱ्यालाच जमीन उरली नाही. त्यांचे ऋण फेडायचे तर निदान कुणा बाईला वांझ म्हणणे तरी आपण सोडू या.